वांगणीला दिलेला गोलकीपर

काशी, तुझे दिवस घालून आठवडा झाला. पाहुणे गेले, मांडव सुटला, तुझ्या बायकोने, पारूने, अंगण सारवून घेतलं, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं मला चौघीजणी सांगून गेल्या. त्यांचं काय जातं सांगायला. त्यांचं भांडण अर्धं राहिलेलं नाही.

क्लबच्या पोरांनी मला सांगितलं होतं, "मंदाताई, तू अंगणवाडीत रोज रजिस्टरं लिहितेस, काशीदादावर दोन पानं लिही, त्याच्या नावाची मॅच ठेवू तेव्हा वाचू." त्यांना हवंय काय, तर जन्म कुठला, क्लब कधी काढला, किती कप आणले. ते मी लिहिणार नाही. ते तुला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. आणि रविवारी जे झालं त्यानंतर मला कुणी काही वाचायला देईल असंही वाटत नाही. तेव्हा हे तुलाच लिहिते, सरळ तुझ्याशी बोलते. सात महिने बोलले नव्हते, ते सगळं साठलंय.

आश्रमशाळेत आपण एका वर्गात होतो तेव्हापासून तुझी ही खोड. मार खायचास पण बोलायचा नाहीस. गुरुजींची खुर्ची मोडली तेव्हा कोणी मोडली ते तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. छड्या तू खाल्ल्यास. मी तेव्हाच तुला म्हणाले होते की तू शहाणा नाहीस, तू बावळट आहेस. तू हात चोळत हसलास आणि आपण जेवायच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.

पुढे तू वसईला गेलास. एका मोठ्या मैदानावर गवत कापायचं काम होतं. गवत कापता कापता तिथल्या पोरांचा सराव बघत राहिलास आणि नुसतं बघून खेळ शिकून आलास. परत आलास तेव्हा खांद्यावर एक फाटकी जाळी, बगलेत चेंडू. आपल्या पाड्यात तोवर सगळी पोरां क्रिकेटवाली. सूर्यमाळच्या या उतारावर फुटबॉल खेळायचा म्हणजे चेंडू एकदा सुटला की खालच्या पाड्यात जाऊन आणायचा. लोक हसले. सगळ्यात जास्त मी हसले, ते तुला आठवत असेलच.

मग तू तो नियम काढलास. घरात पाणी पोचल्याशिवाय चेंडूला पाय लावायचा नाही. होळी सरली की आपल्या विहिरीचा तळ दिसतो, मग खाली झऱ्यावर जायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढ चढून वर यायचं. ते काम आम्हा बायकांचं. तू एकेका पोराच्या डोक्यावर हंडा दिलास. पाड्यातल्या पोरांना डोक्यावर पाणी आणताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. पोरां लाजली, म्हातारे बोलले, तू सगळ्यांना एकच सांगायचास, "मानेचा व्यायाम हाय. हेडिंग मारायला लागतो." खोटारडा कुठला.

पण पाणी घरी यायला लागलं आणि आम्हाला संध्याकाळी बसायला वेळ मिळाला. तो वेळ घालवायला आम्ही बांधावर येऊन बसलो आणि मग तिथून उठलोच नाही. बाकीच्या गप्पा मारायच्या, मी मॅच बघायचे. मला ऑफसाइड समजेना तेव्हा तू सांगितलंस, "रेशनच्या दुकानात कसं, लाईन मोडून पुढं जाऊन उभं राहायचं नाय. तसंच." मी म्हटलं, मग रेशनच्या दुकानात शिट्टी का नाही वाजवत कोणी? त्यावर तू इतका हसलास की सराव थांबला. मोखाड्याच्या मैदानावर रेफरीने मला बाहेर काढायला सांगितलं, मी फार ओरडते म्हणून, तेव्हा तू त्याला म्हणालास, "मला नाय जमत तिला गप करायला. तुम्ही बघा प्रयत्न करून." बिचाऱ्याने केला नाही.

आणि सावड. हे मी लिहिते, कारण सगळं तिथूनच बिघडलं. आवणीच्या दिवसांत सराव बंद पडायचा, ज्याची त्याची भाताची लावणी. तू टीमची सावड केलीस. आज सगळी टीम एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. पंधरा जणांनी मिळून चिखलात उतरायचं, दुपारपर्यंत रोप लावून मोकळं व्हायचं, आणि चार वाजता माळावर हजर. नागलीची लावणीही तशीच. आणि एक गोष्ट तू पोरांच्या डोक्यात इतकी ठोकलीस की ती त्यांच्या हाडात गेली. ज्याच्या शेतात उतरलात त्याचं काम स्वतःचं समजून करायचं. पाट्या टाकायच्या नाहीत. सकाळी भांडण झालं असलं तरी दुपारी त्याच्या शेतात हात आखडायचा नाही. माझ्या शेतात तुमची टीम उतरली की मला रडू यायचं. रोशनचे बाबा भिवंडीला गोडाऊनला, महिन्यातून एकदा येणार, तेव्हा मी एकटी किती करणार होते? हे उपकार मी विसरलेली नाही. विसरले असते तर इतका राग आला नसता.

आता होळीच्या मॅचचं बोलते. तू नको म्हणालास तरी बोलणार.

वीटभट्टीवर गेलेली माणसं होळीला गावी येतात, तेवढ्या आठवड्यात आपल्याकडची स्पर्धा. या वर्षी शहरातून निवड करणारी दोन माणसं येणार होती. जिंकणाऱ्या टीमचे अकरा जण शिबिराला नेणार, त्यातून निवडलेल्यांना हॉस्टेल, खाणं, शिक्षण, खेळ, सगळं. वय अठराच्या आतलं. माझा रोशन टीमचा कॅप्टन आणि त्याचं ते शेवटचं वर्ष. काशी, तुला माहीत होतं मी काय काय मनात धरून बसले होते. रोशनला भट्टीवर जायला लागू नये, गोडाऊनला जायला लागू नये, एवढंच. मी देवाला काही बोलले नव्हते, तुला बोलले होते. तू म्हणालास, "होईल मंदा. पोरगं चांगलं हाय."

फायनल वांगणीशी. सकाळी वांगणीवाले आले ते आठच जण. मुकादमाने पहाटेच टेम्पो आणला होता आणि त्यांचे बाकीचे भट्टीवर गेले होते, गोलकीपरसकट. सुट्टी संपायला अजून एक दिवस होता, पण मुकादमापुढे कोण बोलणार. आयोजकांनी सांगितलं, टीम पुरी नाही, सूर्यमाळला पुढे चाल. म्हणजे आपण जिंकलो. न खेळता जिंकलो. मी बांधावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. रोशन शिबिराला निघाला, हे मी मनात बघितलं त्या क्षणी.

आणि तू आयोजकांकडे गेलास आणि म्हणालास, नको. "चालत आलेत सकाळधरनं. खेळून जातील." त्यांचा वांगणीचा रस्ता कसला आहे ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे आयोजक तयार झाले. तू आपले दोन राखीव त्यांना दिलेस. आणि गोलात उभं राहायला दिलास लक्षा. आपला पहिला गोलकीपर. तुझा सख्खा भाचा. आपल्या गोलात तू उभा केलास दुसऱ्या नंबरचा, ज्याला फेकलेली भाकरी झेलता येत नाही.

मी विचारलं होतं तुला, मैदानाच्या कडेला, सगळ्यांदेखत. काय चाललंय तुझं? तू म्हणालास, "हात कमी पडले की द्यायचे मंदा. सावड हाय." शेत आणि फायनल यातला फरक कळत नाही का रे तुला, असं मी म्हणाले. तोवर शिट्टी वाजली होती.

लक्षाने सावडीचा शब्द पाळला. तूच शिकवलेलं. वांगणीच्या गोलात असा उभा राहिला की जणू तिथेच जन्मला. आपल्या पोरांची एकेक किक त्याला पाठ होती, रोज संध्याकाळी तीच तर अडवायचा तो. आपल्या भाकरीवाल्याच्या हातून एक साधा चेंडू सुटला आणि एक गोल बसला. मग शेवटी शेवटी आपल्याला पेनल्टी मिळाली. रोशन मारणार. मी ओरडायचं विसरले. रोशन डावीकडे मारतो, हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि लक्षाला. लक्षाने डावीकडे उडी मारली.

मॅच संपली. वांगणीवाल्यांनी लक्षाला उचलून घेतलं. आणि तू टाळ्या वाजवत होतास. मी रोशनकडे बघत होते, तो गुडघ्यावर बसला होता, आणि तू लक्षाकडे बघून टाळ्या वाजवत होतास. ते मला अजून दिसतं. ते बघितलं नसतं तर कदाचित पुढचं मी बोलले नसते.

जिंकलेल्या अकरांत लक्षाचं नाव होतं. तो शिबिराला गेला आणि निवडलाही गेला. आज हॉस्टेलात आहे, वेळेवर जेवतो, बूट घालून खेळतो. चांगलं झालं, मी त्याचं वाईट चिंतलं नाही. पण रोशन त्याच महिन्यात बापाबरोबर भिवंडीला गेला.

आठवड्याने समाजमंदिराच्या ओट्यावर क्लबची मीटिंग झाली. तिथे मी उभी राहिले. बाई माणूस मीटिंगमध्ये बोलत नाही, पण मला कोण अडवणार होतं. मी म्हणाले, "याने भाच्यासाठी टीम विकली. भाच्याला चमकवायला याने आपल्या पोरांना हरवलं. असला मॅनेजर आम्हाला नको." हे शब्द माझे आहेत, कोणी माझ्या तोंडात घातलेले नाहीत. सगळ्यांना तेच वाटत होतं, बोलायची हिंमत माझी झाली, एवढंच. रोशन तिथेच बसला होता. दुसऱ्या दिवशी भिवंडीला निघायचा होता.

तू भांडशील असं मला वाटलं होतं. मी तयारी करून आले होते. तू एकदा पोरांच्या घोळक्याकडे बघितलंस, खाली मान घातलीस आणि म्हणालास, "मंदा म्हणते तसं धरा." बस. हवा भरायचा पंप, शिट्टी, जाळी, सगळं ओट्यावर ठेवलंस आणि चपला घालून घरी गेलास. मी घरी येऊन तुमच्या घराकडचं दार लावून घेतलं. मला वाटलं, बघा, गुन्हा कबूल केला. तोंड उघडायला जागा नव्हती म्हणून गप्प बसला.

त्यानंतर तुझ्याशी बोलले नाही. आपली घरं समोरासमोर, तू अंगणात बसलास की मी आत, मी अंगणात आले की तू उठून जायचास. नवा मॅनेजर आला, त्याने नव्या जर्सी आणल्या, पाठीवर नावं छापून. आवणी आली, सावड कोणी केली नाही. जो तो आपल्या शेतात. माळावर गवत वाढलं आणि कापायला कोणी गेलं नाही.

त्या आवणीतलं तुला आठवतंय? मला आठवायचं नाही, तरी आठवतं. मी एकटी रोप लावत होते, रोशन भिवंडीला. मागे पाण्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं तर तू. दुसऱ्या टोकाने लावत येत होतास, न विचारता, न बोलता. दोन ओळी झाल्या होत्या तुझ्या. मी म्हणाले, "माझ्या शेतात पाय ठेवायचा नाय." तू कमरेतून सरळ झालास. हातातली जुडी बांधावर ठेवलीस, नीट, मुळं पाण्यात राहतील अशी. आणि विचारलंस, "रोशन कसा हाय?" मी पाठ फिरवून रोप लावत राहिले. तू चरात पाय धुतलेस आणि गेलास.

ते आपलं शेवटचं बोलणं. मग कापणीला तू खळ्यावर भात झोडताना खाली बसलास, तो उठलाच नाहीस. पारूची हाक ऐकून सगळ्यात आधी मीच पळत आले, कारण घर समोरच. तू कोणाकडेच बघत नव्हतास. निरोप गेला तसा रोशन भिवंडीहून निघाला, मिळेल त्या गाडीने आला आणि तुला खांदा दिला. तेव्हा मी मनात म्हटलं, बघ काशी, तू त्याचं काय केलंस आणि तो तुझं काय करतोय. असं म्हटलं मी. मेल्यावरसुद्धा तुला सुनावायचं सोडलं नाही.

तुझे दिवस घातले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नागली पाखडत होते आणि रोशन ओट्यावर भाकरी खात होता. मी आपलं नेहमीचं बोलले, "गेला बिचारा. पण माझ्या पोराचं वाटोळं करून गेला." रोशनने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आये, लक्षाला मी द्यायला सांगितला."

मी सूप खाली ठेवलं. काय म्हणालास, विचारलं.

"मॅचच्या आधी काशीदादाने मला मोहाच्या झाडामागं बोलवलं. म्हणाला, वांगणीला दोघं देतो, गोलात आपला दुसरा कीपर देतो, तू कॅप्टन हाय, तुझं काय? मी म्हटलं, नाय, लक्षाला द्या. त्या दुसऱ्याला गोल मारून काय व्हनार? ती निवड करणारी माणसां बघत हाईत. लक्षावर गोल मारला तर त्यांना कळंल मी काय हाय. दादा म्हणाला, रोशन, विचार कर, लक्षा सोडणार नाय तुला. मी म्हटलं, त्याला मी बघतो."

मी विचारलं, मग मीटिंगमध्ये का नाही बोललास? मी तुझ्यासमोर उभी राहून त्याच्यावर शेण फेकत होते, तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?

"तो माझ्याकडं बघत होता. मी खाली बघितलं. मंग तो बोलला."

एवढं बोलून पोरगा रडायला लागला. अठरा वर्षांचा बाप्या, माझ्यापेक्षा हातभर उंच. मी त्याला जवळ घेतलं नाही. माझ्याच्याने झालं नाही.

आता सांग काशी, मी कोणावर चिडू? पोरावर चिडले, ते झालं. स्वतःवर चिडते, त्यासाठी रोज सकाळ उजाडतेच. पण खरा राग तुझाच येतो. तू घोळक्याकडे बघितलंस म्हणजे माझ्या पोराकडे बघितलंस. त्याने मान खाली घातली आणि तू त्याचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस. मोठा आलास पोरं सांभाळणारा. अरे, त्याला सांभाळलंस, मग माझं काय? मला सात महिने खोटारडी करून ठेवलंस. शेतात आलास तेव्हा तरी सांगायचंस. "मंदे, येडी हायस काय, तुझ्याच पोराला विचार," एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी आरडाओरडा केला असता, तुला चिखल फेकून मारला असता, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. तू पाय धुऊन निघून गेलास. याला चांगुलपणा म्हणायचा? मी नाही म्हणत. समोरच्या माणसाला भांडायची संधी न देणं हा चांगुलपणा नसतो, हा माज असतो.

आणि पुढे चाल घ्यायला हवी होती, हे मी आजही म्हणते. लक्षाचं सोड. वांगणीची पोरां चालत आली, खरं आहे. त्यांना मुकादमाने फसवलं, खरं आहे. पण तू जे दिलंस ते तुझ्या घरचं नव्हतं, आमच्या पोरांचं होतं. यावर तू काय म्हणाला असतास मला माहीत आहे. तू म्हणाला असतास की आठ जणांवर न खेळता जिंकलेला कप घरात ठेवून रोशन लोकांकडे कसा बघणार होता. आणि मी म्हणाले असते की पोटभर जेवून बघितलं असतं त्याने. आणि तू म्हणाला असतास... नाही, तुझी वाक्यं आता मीच बोलायची, हे मला नको आहे. तू बोलायला हवा होतास.

रविवारी सकाळी तुझ्या नावाच्या मॅचसाठी ओट्यावर मीटिंग होती. घरातून निघताना रोशन म्हणाला, "आये, मी सांगीन." मी म्हटलं, सांग, तुझं तूच सांग, तेच बरं. नवा मॅनेजर उभा राहिला. तुझं कौतुक केलं, पाण्याचं बोलला, सावडीचं बोलला. आणि मग म्हणाला, "काशीदादाकडून एक चूक झाली, भाच्याच्या मायेपोटी झाली. माणूस हाय, व्हतं. आपण सगळ्यांनी त्याला मोठ्या मनाने माफ करावं." लोकांनी माना हलवल्या. पारू तिथेच बसली होती, पदर तोंडाला लावून.

मी रोशनकडे बघितलं. थांबले. मनात म्हटलं, ऊठ. मनात म्हटलं, आता तरी ऊठ. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. काशी, तू जे बघितलंस होळीनंतर, ते मी रविवारी बघितलं, अगदी तसंच. मला कळलं तू तेव्हा काय विचार केलास. एवढंसं पोर, सगळा पाडा त्याच्या अंगावर येणार, आपण बोललो तर. तू त्या वेळी मान खाली घातलीस.

माझ्याने नाही झालं ते. "माफ" हा शब्द माझ्या डोक्यात बसला. कोण कोणाला माफ करतंय? मी उभी राहिले आणि म्हणाले की माफी याला नको, माफी मी मागायला हवी. मी खोटं बोलले होते. याने भाच्यासाठी काही केलं नाही. लक्षाला द्यायचं माझ्या रोशनने ठरवलं, आणि ते झाकायला हा माणूस सात महिने शिव्या खात राहिला, आणि त्या शिव्या सगळ्यात जास्त मी घातल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "मंग पोरगा तेव्हा का नाय बोलला?" दुसरा म्हणाला, "म्हणजे कॅप्टननेच घालवली की मॅच." रोशन उठला. माझ्याकडे बघितलं नाही. ओट्यावरून उतरून माळाच्या बाजूने चालायला लागला.

मला वाटलं होतं निदान पारू तरी माझा हात धरेल. तुझं नाव मी धुऊन काढलं होतं. सोमवारी सकाळी ती आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "मला पण त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं नाय म्हणजे सांगायचं नव्हतं त्याला. आणि तुला बोलायचंच होतं, तर तो जिता असताना बोलायचं होतंस." मी दारातून बाजूला झाले. आत ये म्हटलं. आली नाही.

तू पोराला सात महिने वाचवलंस आणि मी एका सकाळीत उघडं पाडलं. आई मी आहे, तू नाहीस. याचा मला किती संताप येतो ते तुला कळणार नाही. पण मी पुन्हा तेच करीन. तुला माफ करून घरी जाणाऱ्या लोकांत मला बसता आलं नसतं.

रोशन भिवंडीला परत गेलेला नाही. घरातच आहे. चार दिवस झाले, माझ्याशी एक शब्द नाही. मी वाढते, तो ताट घेऊन मागच्या दारी जाऊन बसतो. सकाळी उठून तुझ्या शेताकडे जातो की माळाकडे, मी विचारत नाही. बोलेल. आज नाही तर उद्या, भूक लागली की, ताप आला की, काही हवं झालं की, बोलेलच, माझं पोर आहे, जाईल कुठे.

तुझं काय करू, काशी?